चौकटरावांचा कॅमेरा

चौकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर ती दोनदा मारावी लागे. वळणावर त्यांचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. नाव तिथूनच चिकटलं, आणि माणूसही नाव चिकटावं असाच होता. दुसऱ्याच्या घरी गेले आणि भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली, की आधी ती सरळ करायची आणि मग "कसे आहात" विचारायचं. फाटका, डागाळलेला, पाण्यात भिजलेला फोटो त्यांच्या हाती दिला की चार दिवसांनी असा होऊन यायचा, की ज्याचा फोटो त्यालाच वाटावं, आपण कधी इतके बरे दिसत होतो? डाग कुठे गेला म्हणून विचारलं तर चौकटराव हसायचे. डाग फ्रेमच्या कडेखाली गेलेला असायचा. जे बघण्यासारखं नाही ते चौकटीत येऊ द्यायचं नाही, एवढीच त्यांची सगळी कला.

दुकानासमोरचा रस्ता मात्र त्यांच्या ऐकण्यातला नव्हता. उतारावरून येणारी वाहनं वळणाआधी हळू होतील, अशी रस्ता बांधणाऱ्यांची समजूत होती. वाहनं चालवणाऱ्यांची तशी काही समजूत नव्हती. ट्रक गेला की दुकानातल्या काचा थरथरायच्या. काच कापायचा हिरा हातात घेतला की चौकटराव आधी उताराकडे कान द्यायचे, आणि शांत वाटलं की एका दमात रेघ ओढून मोकळे व्हायचे.

समोरच बालवाडी होती आणि त्यांची बायको तिथे मुलं सांभाळायची. दिवसातून चार वेळा ती रस्ता ओलांडायची. मानेच्या दुखण्यापासून तिची मान उजवीकडे वळत नसे. उजवीकडे बघायचं तर कपाट फिरवावं तशी ती अख्खी फिरायची, आणि जाताना उतारावरच्या गाड्या नेमक्या उजवीकडूनच यायच्या. तिच्या जायच्या वेळी चौकटराव हातातलं काम टाकून दाराशी येत, आणि ती पलीकडे पोचेपर्यंत तिथेच उभे राहत.

"अहो, मी काय आज पहिल्यांदा शाळेत चाललेय?" ती पलीकडून म्हणायची. "तुमची काच सांभाळा."

गावात वेग पकडणारे कॅमेरे बसवताहेत, असं कळलं तेव्हा चौकटरावांनी तीन पानी अर्ज लिहिला, समास आखून, आणि स्वतः जाऊन दिला. रस्ता सुरक्षा विभागात एक मध्यमवयीन बाई बसायच्या. बोलायला नीट, कामाला चोख, म्हणजे अशा कचेरीत सहसा न सापडणाऱ्या. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि संगणकात वळणाची नोंद काढली.

"तीन वर्षांत तिथे एकही अपघात नाही," त्या म्हणाल्या.

"नाही कसा? दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पडतंय. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याचा पाय गेला."

"झाले असतील हो. पण नोंद शून्य आहे. तीन वर्षांत तीन गंभीर अपघातांची नोंद असेल तरच कॅमेरा मिळतो. किंवा पाहणीत वेग जास्त निघाला तर. सगळ्या गावाला मिळून अकरा कॅमेरे आलेत, काका. मी तरी काय करू?"

शून्य का होतं, हे चौकटरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीतली माणसं पोलीस चौकीची पायरी चढत नसत. कुणी कुणाला उडवलं की दोन्हीकडची मंडळी चौकटरावांच्या दुकानातल्या बाकावर येऊन बसत, कारण चौकटराव वडीलधारे, गोड बोलणारे. ते चहा मागवत आणि म्हणत, "झालं ते झालं. त्यानं काय मुद्दाम केलं? उद्या एकमेकांचं तोंड बघायचंय." औषधपाण्याचं कोण बघणार ते ठरे, आणि प्रकरण मिटे. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हाताऱ्याच्या पायाचं प्रकरणही त्याच बाकावर मिटलं होतं, आणि त्या संध्याकाळी चौकटराव स्वतःवर खूश होऊन घरी गेले होते.

आता उरली पाहणी. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे पाचच लागले. बाईंनी स्वतः फोन केला. बुधवारी दोन माणसं यंत्र घेऊन येतील, दिवसभर वेग मोजतील, यंत्रापुढे कुणी गाडी लावू नका, एवढंच सांगायचं होतं त्यांना.

एवढंच सांगितलं आणि घात झाला. चौकटरावांच्या घरी पाहुणे येणार म्हटल्यावर जे होतं ते गल्लीचं झालं. मंगळवारी त्यांनी दारोदार फिरून सांगितलं, "उद्या साहेब येताहेत. आपली गल्ली नीट दिसली पाहिजे. चांगल्या माणसांची वस्ती आहे असं दिसलं तर कॅमेरा देतील. घाण दिसली तर म्हणतील, यांना काय द्यायचा." कचरा उचलला गेला. भाजीवालीने आपली गाडी आत घेतली. शेजारच्या लाँड्रीवाल्याने तर कमालच केली. तो म्हणाला, "दादा, काळजी सोडा. मी वरती उताराच्या तोंडाशी उभा राहतो. सुसाट येणाऱ्या एकेकाला सांगतो, पुढे साहेब आहेत."

घरी बायको ऐकत होती. ती म्हणाली, "मला एक कळत नाही. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचं, तर त्याला पावडर लावून नेतात का?"

"तुला नाही कळायचं," चौकटराव म्हणाले. "छाप पडावी लागते."

आजवर जन्मात कधी त्यांचं असं चुकलं नव्हतं, असं नाही. पण इतर चुका फ्रेमच्या कडेखाली मावल्या होत्या.

बुधवारी ते वळण बघण्यासारखं होतं. लाँड्रीवाला इस्त्रीचा शर्ट घालून उताराच्या तोंडाशी हात आडवा धरून उभा. ट्रक मान खाली घालून आल्यासारखे येत. मोटरसायकलवाले यंत्र दिसताच असे सभ्य होत, की पायी चालणारा पुढे जावा. दुपारी चौकटरावांनी यंत्रवाल्यांना आपल्या हाताने चहा दिला. त्यातला एकजण म्हणाला, "काका, शिस्त आहे हो तुमच्याकडे." चौकटरावांची छाती फुगली. त्या दिवशी त्यांनी एकही काच कान देऊन कापली नाही, गरजच पडली नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सरासरी वेग ताशी बावीस. वेगमर्यादेचं उल्लंघन नगण्य. कॅमेऱ्याची आवश्यकता नाही. फेरपाहणी दोन वर्षांनंतर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसतं.

चौकटराव पत्र घेऊन बाईंकडे धावले आणि जे घडलं ते सगळं सांगून बसले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मला का सांगता, काका? लेखी दिलंत तर पाहणीत अडथळा आणला म्हणून तुमच्यावरच येईल. आणि दिलंत तरी यंत्राचा आकडा तोच राहणार." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी काहीच करायला नको होतं तुम्ही."

"बायको तेच म्हणत होती," चौकटराव म्हणाले.

बायकोने मात्र एकदाही टोचून बोलून दाखवलं नाही. तिनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "बावीस? मग तर मी डोळे मिटून ओलांडीन." दोघंही हसले. हसायला नको होतं, असं चौकटरावांना पुढे कितीदा वाटलं.

पत्रानंतर सातव्या आठवड्यात, सकाळी नऊला, ती बालवाडीत जायला निघाली. चौकटराव नेहमीसारखे दाराशी आले. ती अख्खी उजवीकडे वळली, रस्ता रिकामा होता, ती परत सरळ झाली आणि चार पावलं पुढे गेली. तेवढ्यात उतारावरून स्कूटर आली. पुढे इस्त्रीच्या कपड्यांची दोन गाठोडी रचलेली, त्यामुळे चालवणाऱ्याला रस्ता अर्धाच दिसत होता. चौकटरावांनी हाक मारली. हाक ऐकून तिने उजवीकडे मान वळवायचा प्रयत्न केला, आणि मान वळली नाही. दाराशी उभं राहिल्याने काही होत नसतं, हे चौकटरावांना तेव्हा कळलं.

स्कूटर लाँड्रीवाल्याची होती. रस्त्यावर लोकांचे पांढरे कपडे पसरले होते आणि त्यात तो गुडघ्यावर बसून "वहिनी, वहिनी" करत होता. दवाखान्यात दोन दिवस तो बाहेरच्या फरशीवर बसून राहिला, घरी गेला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

त्याच आठवड्यात गल्लीतली मंडळी दुकानात आली आणि बाकावर बसली. यावेळी समजूत कुणाची काढायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त काढणारा माणूसच उरला नव्हता. शेवटी भाजीवालीने सुरुवात केली.

"दादा, झालं ते झालं. त्यानं काय मुद्दाम केलं का?"

"उद्या एकमेकांचं तोंड बघायचंय," दुसरा कुणीतरी म्हणाला.

वाक्यं चौकटरावांचीच होती, शब्दन् शब्द. इतकी वर्षं ती ऐकताना समोरच्याला काय होत असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. ते म्हणाले, "मी चौकीत नोंद करणार आहे."

लाँड्रीवाला कोपऱ्यात उभा होता. "दादा, मला जी शिक्षा द्यायची ती तुम्ही द्या. घरात तीन तोंडं आहेत खाणारी. चौकी नको."

"तू वाईट नाहीस रे. तू माझ्यासाठी दिवसभर उन्हात उभा राहिला होतास, मी विसरलो नाही. पण नोंद झाली नाही तर त्या कागदावर शून्यच राहील. मग ती गेली कशाला?"

असं विचारलं की माणसं रागावतात. मंडळी एकेक करून उठून गेली. चौकटरावांनी नोंद केली. लाँड्रीवाल्यावर खटला उभा राहिला, परवाना गेला, दुकानाला कुलूप लागलं. गल्ली चौकटरावांशी बोलेनाशी झाली. भाजीवाली भाजी द्यायची, पण वर चार शब्द द्यायची नाही. फ्रेम करायला लोक दोन गल्ल्या पलीकडे जाऊ लागले. चौकटरावांना याचं वाईट वाटलं, पण नोंद केल्याचं वाटलं नाही. तेवढी एकच गोष्ट त्यांनी झाकली नव्हती.

नोंदीची प्रत घेऊन ते बाईंकडे गेले. बाईंना घडलेलं कळलं होतं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि संगणकात वळणाची नोंद उघडली.

"नोंद आली आहे, काका. एक झाला. अजून दोन..." त्या तिथेच थांबल्या. चेहरा उतरला. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"नियम आहे. तुमचा काय दोष," चौकटराव म्हणाले. ते सावकाश उठले, आणि जाताना भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर त्यांच्या नजरेसही पडलं नाही.

अजून दोन. हे दोन शब्द त्यांच्यामागे घरी आले आणि घरातच राहिले. जेवताना, भांडी घासताना, आरशात बघताना ते असायचे. माणूस वाईट नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी मुंगीलाही दुखावलं नसेल. पण दुसरं काही मागण्यासारखं उरलं नाही की माणसाचं मन, मिळण्यासारखं जे असेल त्याच्याच मागे लागतं.

बालवाडीत बायकोच्या जागी एक नवी बाई आली. तरुण होती, दोन लहान मुलांची आई, लगबगीची. गल्लीचं भांडण तिला ठाऊक नसावं, किंवा असून तिनं मनावर घेतलं नसावं. रोज रस्ता ओलांडण्याआधी ती दुकानाकडे बघून "येते हं काका" म्हणायची. दिवसभरात चौकटरावांशी आपणहून बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. तिला बघायला ते दाराशी जात नसत, आतूनच मान हलवत.

एका सकाळी ते आलेलं एकुलतं एक काम करत होते. तिचं "येते हं" ऐकून त्यांनी मान हलवली. आणि लगेच उतारावर ब्रेक किंचाळले, पाठोपाठ काहीतरी आपटल्याचा आवाज आला. काच हातात तशीच राहिली. ती बाई आहे, तिला दोन लहान मुलं आहेत, धावलं पाहिजे, यातलं काहीच त्यांच्या मनात आलं नाही. मनात एकच शब्द आला: दुसरा.

ते दाराशी गेले. मोटरसायकलवाला गाडी उचलून केव्हाच निघून गेला होता. ती बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. हळूहळू ती उठली, कोपर झटकलं, लांब उडालेली चप्पल शोधून पायात घातली, आणि चौकटरावांकडे बघून हसली. "काही नाही काका, जरासं खरचटलंय," ती म्हणाली आणि बालवाडीत गेली.

चौकटरावांना वाईट वाटलं. कशाचं वाईट वाटलं, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते आत आले, हातातली काच खाली ठेवली आणि बाकावर बसले, आणि दुपारी ती बाई परत जाताना "येते हं काका" म्हणाली तेव्हा त्यांना मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.