सारख्याच मापाची अक्षरं

हुब्बळ्ळीत भिंतींवर जाहिराती रंगवणारी बाई माझ्या माहितीत एकच, माझी सुशीलाकाकू. तिचे सासरे सांगलीहून तिथे येऊन पेंटर झाले. त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी ब्रश मुलाच्या नव्हे, सुनेच्या हातात दिला. काकांना स्वतःच्या दुकानातली गादीच बरी वाटायची. काकू घरात मराठी बोलते आणि भिंतीवर कन्नड लिहिते. तिचं अक्षर इतकं ठसठशीत, की चालत्या बसमधूनही वाचता यावं. खाली कोपऱ्यात ती आपलं नाव टाकते.

तारिहाळच्या रस्त्यावर एका सौर पॅनेलच्या कंपनीची भिंत तिच्याकडे होती. दर वर्षी जुनी किंमत पुसून नवी लिहायची, आणि नवी नेहमी कमीच. तेल, सिमेंट, शाळेची फी, बाकी सगळ्यांचे आकडे तिने आयुष्यभर चढतेच लिहिले होते. हा उतरता आकडा लिहिताना तिला मनापासून आनंद व्हायचा.

एके दिवशी धारवाडचे बाळकृष्णअण्णा पत्ता विचारत घरी आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. भिंतीवरची किंमत वाचून ते कंपनीच्या दुकानात गेले होते. तिथे कळलं, ती नुसत्या पॅनेलची. सांगाडा, इन्व्हर्टर, वायरिंग, मजुरी धरली की खर्च दुपटीच्या वर जात होता. ते रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "खाली तुमचं नाव होतं अक्का, म्हणून मी दुसरीकडे चौकशी केली नाही."

चहा घेऊन ते गेले. काकू मात्र पुढे कितीतरी दिवस त्या रस्त्याने जाताना आपलीच भिंत वाचत थांबायची.

पुन्हा भिंत रंगवायची वेळ आली, तेव्हा कंपनीचा सुमंत नवा आकडा घेऊन आला. मुलगा आपल्यातलाच, धारवाडातल्या सप्तापूरचा. काकूने त्याला सांगितलं, किमतीच्या शेजारी 'फक्त पॅनेल, बसवायचा खर्च वेगळा' हेही लिहीन, त्याच मापात. सुमंतने समजावलं, की पॅनेल खरोखरच स्वस्त झालंय, आकडा खोटा नाही, आणि खाली बारीक अक्षरात अटी असतातच.

"खोटा नाही ना? मग मोठं लिहायला कसली हरकत?" काकू म्हणाली.

त्याने बेंगळुरूला मुख्य कचेरीत फोन लावला. तिकडून नकार आला. काकूने ती भिंत सोडली, आणि तिच्याबरोबर धारवाडपलीकडच्या बेलूरपर्यंतच्या कंपनीच्या सगळ्या भिंती गेल्या. तिथे फ्लेक्स लागले. हातचं काम गेलेलं काकांना फार लागलं.

ही गोष्ट दुर्गदबैलाच्या बाजारात दुकान असलेल्या कविताच्या कानावर गेली. ती त्याच कंपनीची पॅनेल विकायची. भिंतीवरचा आकडा डोक्यात घेऊन आलेली माणसं रोज तिच्याशी भांडून जात. तिने आपल्या गोदामाची भिंत काकूला दिली. काकूने वर पॅनेलची किंमत लिहिली, मधे बसवायचा खर्च, खाली एकूण. तिन्ही ओळी सारख्याच मापाच्या. एकूण आकडा फ्लेक्सवरच्यापेक्षा कितीतरी मोठा दिसत होता. आता कुत्रंही फिरकणार नाही, अशी धास्ती काकांनी घेतली.

सुरुवातीला लोक थांबत, वाचत, पुढे जात. मग दुकानात येऊ लागले. आलेला माणूस भांडत नसे. खुर्ची ओढून आपल्या गच्चीचं माप सांगायला लागे. कविताचं काम इतकं वाढलं, की कंपनीचे दुसरे विक्रेते तशाच ओळी मागू लागले. शेवटी सुमंत स्वतः घरी आला. तिन्ही ओळी लिहायला हुब्बळ्ळी-धारवाडच्या भिंतींपुरती परवानगी मिळाली होती. काकूने त्याला जेवायला थांबवून घेतलं.

यंदा मी धारवाडहून मुद्दाम कविताच्या गोदामाची ती भिंत बघायला गेले. काकू नवे आकडे लिहीत होती आणि या वेळी तिन्ही उतरले होते. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका थांबून मोठ्याने वाचू लागल्या. आपल्या घरावर बसेल का, असं एकीने दुसरीला विचारलं आणि बोट लावून शेवटची ओळ दाखवायला पुढे झाली.

काकूने शिडीवरूनच कन्नडमध्ये सांगितलं, "अक्का, सावकाश. ओलं आहे अजून."