पुष्पासाठी थांबलेली सहल

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही, रेखा-वर्षापाशी तर नाहीच नाही. मग तुम्हाला काहून सांगून राहिली? — तुम्ही पुष्पाला ओळखत नाही, म्हणून असेल.

पुष्पा, रेखा, वर्षा आणि मी, आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. पन्नाशी उलटल्यावर हाउसबोटीचं खूळ पुष्पाच्याच डोक्यात आलं. जबलपूरच्या पुढं, जंगलात पार आत, धरणाच्या पाण्यावर बोट असते. तिथंच राहायचं, तिथंच झोपायचं. मोबाइलला रेंज नाही, नवरे नाहीत, कुकर नाही. नंदनवन वस्तीतल्या तिच्या घराच्या गच्चीवर बसून ती हे रंगवून सांगायची. पोहायला एकीलाही येत नव्हतं. ती म्हणायची, "बुडालो तर चौघी संगंच बुडू वं, घरच्याइले एकाच दिवशी सुट्टी!"

बुकिंग मी केलं. मी कचेरीत कारकून — फोनाफोनीची कामं कायम माझ्याच गळ्यात. बुकिंग झालं, आणि पुष्पाला कॅन्सर निघाला.

इथं जरा थांबते. इथवर माझी काही चूक नाही ना, म्हणून इथं बरं वाटतं.

किमो सुरू झाली. दवाखान्यात कधी तिची लेक स्नेहल जायची, कधी मी. उलट्या, बादली, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, प्रत्येक घासाला "लोखंडावानी लागते" — सगळं पाहिलं, सगळं केलं. लोक म्हणायचे, मैत्रीण असावी तर अशी. मलाही ते ऐकायला आवडायचं. बोटीचे दिवस जवळ आले तशी पुष्पा म्हणाली, डॉक्टर हो म्हणतात, दोन किमोंच्या मधे येते. "कोपऱ्यात बसून राहीन वं. तुमाले तरास नाही देणार."

आणि मला — कसं सांगू? — मला ती नको होती. बस, एवढंच. बादली नको होती. मला सुट्टी हवी होती आणि ती तिच्यापासूनच हवी होती. हे तिच्या तोंडावर सांगता आलं नसतं का? आलं असतं. ती रुसली असती, रडली असती, मग तिनंच मला जा म्हटलं असतं.

मी काय केलं? रेखा-वर्षाला सांगितलं, पुष्पा म्हणते तुम्ही जा, माझ्यासाठी अडकू नका. फक्त तिच्यापुढं विषय काढू नका, तिचा जीव तुटतो. आणि पुष्पाला सांगितलं — सहल रद्द. तुझ्याशिवाय आम्ही पाय नाही टाकत बोटीवर. तू बरी झाली की चौघी जाऊ.

ती माझा हात धरून रडली. मी तिला पाणी दिलं.

गेलो आम्ही तिघी. फोटो कुठंच टाकायचे नाहीत, पुष्पाला वाईट वाटेल, असं रेखानंच ठरवलं. किती समजूतदार! आणि मला छान वाटलं तिथं. लपवून काय उपयोग? डेकवर गरम भजी खाल्ली, पत्ते खेळलो, पोट दुखेपर्यंत हसलो. तिची आठवण आली नाही असं नाही. आली की मी पुढचा पत्ता टाकायची.

पुढं औषध लागू पडेना. डॉक्टर म्हणाले, आणखी एक भारी औषध आहे, फार त्रासाचं. नाहीतर घरी न्या. पुष्पा थकली होती, तिनं घरीच चला म्हटलं होतं. मग एकाएकी ती औषधाला तयार झाली. दवाखान्याच्या जिन्यात स्नेहलनं मला कारण सांगितलं — "मावशी, आई म्हणे, माह्या मैत्रिणी बोटीसाठी थांबल्या आहेत. त्याइले किती थांबवू?"

तिची नखं काळी पडली. तोंड आतून सोलून निघालं, पाण्याचा घोट घेताना ती कण्हायची. मी चमच्यानं पाणी पाजायची. तेव्हा सांगता आलं असतं. औषधानं चार दिवस वाढले तर काय वाईट, अशी मी मनाची समजूत घातली. खोटी. मी घाबरले होते. पुष्पानं मला हाकलून दिलं असतं, ह्याला घाबरले होते.

पुष्पा गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्यासाठी वंदना घ्यायला सगळे जमले तेव्हा, स्नेहलनं मला हाताला धरून पुढं, घरच्यांत बसवलं. मी बसले. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. प्रतापनगरात माझ्या घरी येऊन मी भाजी निवडली.

पण एक दुपार सांगायची राहिली, ती जायच्या आधीची. तिच्या खोलीत आम्ही दोघीच होतो, स्नेहल स्वयंपाकघरात. पुष्पा म्हणाली, "बोट कशी राहते, सांग ना वं."

मी सांगत सुटले. सकाळी धुकं असतं, पलीकडचा काठ दिसत नाही. बुडालेल्या सागाची खोडं पाण्याबाहेर आलेली असतात, त्यांवर पाणकावळे पंख सुकवत बसतात. चालताना फळ्या करकरतात. चहाला डिझेलचा वास येतो, पण थंडीत तोही गोड लागतो. ती डोळे मिटून ऐकत होती.

"पाहून आल्यावानी सांगून राहिली तू."

"मोबाइलवर पाह्यलं," मी म्हणाले.

मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "चहाले डिझेलचा वास येते, तोबी मोबाइलवरच?"

दार उघडून दिलं होतं तिनं मला. मी "हो" म्हटलं.

तिनं मान हलवली. स्नेहलनं चहा आणून ठेवला. मी तो प्याले.