जहागीरदारीण, चित्रकार आणि रुमालाखालचा सौदा

प्रेमात पडताना तुम्ही समोरच्याकडं एक तरी मागणी ठेवली होती का, की नुसतेच लाजून उभे राहिलात?

विचारते, कारण आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मोर्चाची पत्रकं लिहायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर मी अक्षरं गिरवायची. 'बंधू-भगिनींनो' हा मला लिहिता आलेला पहिला शब्द. त्यामुळं नांदेडच्या कॉलेजात युवक महोत्सवासाठी ऐतिहासिक प्रेमकथेवर एकांकिका लिहायची वेळ आली, तेव्हा ती जशी व्हायला हवी तशीच झाली.

गोष्ट निजामाच्या काळातली. जहागीरदार आपलं चित्र काढायला एका विक्षिप्त चित्रकाराला बोलावतो. चित्रकार जहागीरदाराऐवजी त्याच्या म्हशीचं चित्र काढतो, कारण म्हशीच्या चेहऱ्यावर खोटं काही नसतं. ते बघून जहागीरदाराची लेक त्याच्या प्रेमात पडते. इथं दुसऱ्या कुणी चांदणं घातलं असतं. मी मागण्या घातल्या. ही लेक, म्हणजे आमची जहागीरदारीण, पदर खोचून म्हणते: जहागीर कुळांना वाटल्याशिवाय लग्न नाही. तू माझ्या बापाला मुजरा करायचा नाहीस. आणि स्वयंपाक एक दिवस तू, एक दिवस मी. चित्रकार छातीवर हात ठेवून म्हणतो, "सर्व मागण्या मान्य!" पडदा.

"ताई, ह्यात प्रेम कुठं हाय?" चित्रकार झालेल्या रेणापूरच्या पोरानं विचारलं.

"मागण्या मान्य केल्या ना? अजून काय पाहिजे?"

"एकदा हात तरी धरू द्या की."

ते शक्यच नव्हतं. जहागीरदारीण झालेली माझी मैत्रीण धर्माबादची. तिचे आप्पा तिथल्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मिरचीचे आडते. नाटकात काम करायला त्यांनी एकाच अटीवर हाव म्हटलं होतं: पोराचा हात लागला, तर त्याच दिवशी वसतिगृहातून सामान उचलायचं. शिक्षण बंद. धमकी पोकळ नव्हती. महोत्सव लातूरला होता, तर तिथं येऊन ते पहिल्या रांगेत बसले.

म्हैस झालेल्या दोघांपैकी मागच्याला शिंक आली, एवढं सोडलं तर सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. मैत्रिणीनं तिन्ही मागण्या ठणकावून सांगितल्या. पोरगा छातीवर हात ठेवून म्हणाला, "सर्व मागण्या मान्य!"

"ए थांब!" आप्पा उभेच राहिले. "पैल्या बोलीलाच हाव म्हणून राह्यलाय! असलं गिऱ्हाईक पुढं पळून जातंय. पोरी, फसू नको!"

आम्ही विंगेत गार. ज्याचा जन्म मोंढ्यात गेला, त्याला समोर नाटक आहे याचा विसरच पडला होता. पोरगा घाबरून म्हणाला, "मग... स्वयंपाक न्हाई जमायचा."

प्रेक्षकांत रेणापूरची अर्धी गल्ली बसली होती. ती ओरडली, "बराबर हाय! लावून धर!"

"आप्पा, बसा तुम्ही, मी बघते," जहागीरदारीण म्हणाली आणि चित्रकाराकडं वळली. "आठवड्यातून चार दिवस तू, तीन दिवस मी."

"न्हाई. मी दोनच."

"अगं, साऱ्या गावासमोर भाव फोडतीस व्हय?" आप्पांना राहवेना. "रुमाल टाक, रुमाल!"

आमच्याकडं जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. आप्पांनी खांद्यावरचा रुमाल स्वतः स्टेजवर फेकला. मैत्रिणीनं तो पसरला, त्याखाली पोराचा हात धरला आणि बोटं दाबायला सुरुवात केली. सौदा बराच वेळ चालला. पोरगा लालेलाल, ती हसू गिळतेय, आणि आप्पा मान लांब करून, "उतरू नको! चारच्या खाली उतरू नको!"

चारवर ठरलं. टाळ्यांच्या कडकडाटात पडदा पडला. वेळ ओलांडली म्हणून आम्हाला स्पर्धेतून बाद केलं. ते गेलं खड्ड्यात. धास्ती आप्पांची होती.

ते विंगेत आले. मैत्रीण हात पाठीमागं लपवून उभी.

"आप्पा, ते हाताचं..."

"हाताचं काय? हाताशिवाय सौदा व्हतो व्हय? वर रुमाल होता न्हवं?" मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "दोनवर अडला होता गडी. चारवर आणलंस. परीक्षा कधी हाय तुझी?"

माझ्याकडं वळले. "आन् बाई, तुम्ही. जहागीर वाटायची मागणी शेवटाला ठेवा. मोठं आधी मागितलं की गिऱ्हाईक उठून जातंय."

"काका, ती तत्त्वाची मागणी आहे. पहिलीच राहणार."

"मंग राहा म्हशीसंगं," म्हणत ते रुमाल शोधायला गेले.

मैत्रीण आमच्याबरोबरच नांदेडला परतली, सामान जिथल्या तिथं. पण असाच हात धरायची वेळ आप्पा धर्माबादला घरी बसलेले असताना आली असती, तर कुणीतरी फोन करून एवढंच कळवलं असतं की तुमच्या पोरीनं स्टेजवर पोराचा हात धरला. तेवढ्यावर तिचं शिक्षण संपलं असतं. म्हणून तुमच्या गल्लीतली एखादी पोरगी नाटकात उभी राहणार असेल, तर तिच्या बापाला घरी बसून अटी घालू देऊ नका. गाडीवर मागं बसवून आणा आणि पहिल्या रांगेत जागा द्या.