मी बाजूला सारलेला दगड

बेल्याच्या बसस्टँडवर त्या सकाळी बोटं वाकत नव्हती, इतकी थंडी होती. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, आणि आदिलाबादला पहिल्यांदाच एकटी निघाले होते... शिक्षक प्रशिक्षणाची मुलाखत होती, साडेनऊला.

लहानपणी मी सारखी आजारी असायचे, म्हणून चौथीपर्यंत घरीच शिकले, बाबांजवळ. बाबा गावात मास्तर. पाढ्यांच्या आधी त्यांनी मला वागणं शिकवलं. पुढे घुसायचं नाही, दुसऱ्याची जागा घ्यायची नाही, चूक झाली तर लगेच सांगून टाकायची.

हे माझ्यात इतकं भिनलं होतं की किराणा दुकानात माझा नंबर आला तरी मी दोनदा मागे वळून बघायचे... कुणी राहिलं तर नाही ना?

स्टँडवर रांग होती, पण माणसांची नव्हती. थैल्या, चपलांचे जोड, एक पितळी डबा, एक घडी केलेलं पोतं... सगळं ओळीने मांडलेलं, आणि माणसं पलीकडे शेकोटीभोवती. आमच्याकडची ही रीतच. बस दिसली की जो तो येऊन आपल्या वस्तूपाशी उभा राहायचा.

हे मला ठाऊक होतं. पण शेवटच्या थैलीमागे एक दगड पडला होता, विटेएवढा. कुणाला तरी ठेच लागेल म्हणून मी तो पायाने भिंतीकडे सारला आणि त्या जागी उभी राहिले. थोड्या वेळाने माझ्यामागे एक ट्रंकवाला येऊन उभा राहिला.

त्या दिवशी आदिलाबादला मोतीबिंदूचं शिबिर होतं, म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी. तिथे नावं सकाळी दहा वाजेपर्यंतच लिहून घेणार होते. बस आली ती आधीच अर्धी भरलेली. माझ्या पुढचे सगळे चढले.

"आज चेकिंग है," कंडक्टर दारातच आडवा हात धरून म्हणाला. आत बघून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं, "और दो. बस."

दोघं म्हणजे मी आणि ट्रंकवाला. मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात एक बाई म्हाताऱ्या सासूला हाताला धरून ओढत आली. दोघीही अनवाणी. सासूच्या डोळ्यांवर दुधासारखी साय धरलेली.

"माहा गोटा कुठं गेला वो? इथंच मांडला होता म्या!"

ट्रंकवाला खिदळला. "गोटा गेला शिबिरात, डोये तपासाले!"

बसमधले लोक हसले. आणि मला तेव्हा समजलं... त्या बाईजवळ एकच बोचकं होतं, ते तिने सासूला बसायला दिलं होतं. पायात चपला नाहीत. रांगेत ठेवायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून दगड.

तो दोन हातांवर भिंतीशी पडलेला होता. मी फक्त म्हणायला हवं होतं, "मी सारला." कंडक्टर ओरडला असता, लोक माझ्यावर हसले असते, इतकंच. माझी मुलाखत मात्र गेली असती.

मी फाईल छातीशी धरली आणि वर चढले.

पुढची गाडी दहाला होती. बस वळली तेव्हा खिडकीतून दिसलं, ती बाई अजून कंडक्टरला हात करत होती आणि सासू भलत्याच दिशेला तोंड करून उभी होती.

मुलाखत छान झाली. लिहितानाही वाईट वाटतं, पण खरंच छान झाली.

परतीच्या गाडीत चढले, तर त्या दोघी समोरच्याच सीटवर. मला उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघावीशी वाटली... पण बाईने मला पाहिलं होतं. तिने सासूला खिडकीकडे सरकवलं आणि सीटवर हात आपटला. "बसा इथं."

मी बसले. खूप वेळाने विचारलं, "नाव लिहिलं का?"

"कायचं लिहितेत! दहालेच बंद झालं म्हने. आता पुढच्या साली या."

मग मात्र मला राहवेना. "तो दगड मी सारला होता," मी म्हणाले.

"मले समजलं तवाच," ती म्हणाली. "गोटा जिथं होता, तिथंच त उभ्या होत्या तुमी. एवढा मोठा गोटा, दिसला नाही का तुमाले?" यात राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

"मग तेव्हा बोलल्या काऊन नाही?" मी विचारलं.

तिने माझ्या फाईलकडे बोट केलं. "हातात फाईल होती तुमच्या. म्हटलं, पोरीची परीक्षा असन... गाडी त गेलीच आपली, तिची कायले घालवा."

सासूने चाचपत माझ्या मनगटाला हात लावला. "कोन हाय वं?"

"मास्तरची पोरगी हाय, मामी," बाई सासूला म्हणाली. बाबांना ती ओळखत होती तर. एवढंच सांगून ती बाहेर बघू लागली. उतरेपर्यंत म्हातारीचा हात माझ्या मनगटावर होता, आणि तो बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही.

त्या मुलाखतीत माझी निवड झाली. पुढे कितीतरी वर्षं मी मुलांना रांगेत उभं राहायला शिकवलं... आणि ही गोष्ट मात्र त्यांना एकदाही सांगितली नाही.

पुढच्या वर्षीच्या शिबिरात त्या सासूचं नाव लागलं का, मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेले नाही. आज हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.