चिमूटभर हळद

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गाईचं तूप पांढरं पडलं. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या वस्तीवरून आई ते महिन्याच्या पहिल्या सोमवारी सोलापुरातल्या एका आडत्याच्या घरी पोचवायची. त्यांच्या देवापुढचा दिवा गाईच्याच तुपाचा लागे. इतक्या वर्षांत तिच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्या सोमवारी आडत्यानं बरणी उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाला, म्हशीचं मिसळलंय. पुढच्या खेपेला पिवळं दिसलं नाही तर सगळ्या पेठेत सांगतो.

मीही आईबरोबर गेले होते, माझं टाळकंच सटकलं. मी तेव्हा कॉलेजात सायन्सला, नुकती शिंगं फुटलेली. मी त्याला सुनावलं की तुपाचा पिवळा रंग गाय स्वतः तयार करत नाही, तो हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा. म्हैस त्याचं जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. गाय थोडं तसंच दुधात सोडते. आमच्या गाईला चार महिने वाळक्या कडब्याशिवाय काही दिसलं नव्हतं, मग रंग येणार कुठनं? आडत्या हसला. पुस्तकातल्या गाई मला सांगू नकोस, म्हणाला.

महिनाभर आईच्या घशाखाली घास उतरेना. हिरवी वैरण कुठंच मिळत नव्हती. सोमवारच्या आदल्या दिवशी ती देवळात गेली आणि मी तुपात चिमूटभर हळद कढवून गाळून घेतली. रंग असा झकास आला की मला माझंच कौतुक वाटलं. आईला म्हटलं, बघ, आला की रंग. तिनं बरणीला हात जोडले.

सोमवारी आडत्यानं थोडं तूप तळहातावर घेतलं, पानाच्या डबीतला चुना काढला आणि त्यात चोळला. चुन्यानं हळद लाल होते, हे मला, सायन्सच्या मुलीला, तेव्हा आठवलं. तळहात लालभडक झाला. घरातल्या बायका दारात जमल्या.

आईनं त्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"व्हय, हळद मीच घातली," ती म्हणाली. "पोरीला काय ठावं न्हाय."

खोटेपणा माझा आणि लबाड ती ठरली. तिथंच खरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. अजून माझी मला लाज वाटते.

पुढं पाऊस झाला, गाय बांधावरचं हिरवं खाऊ लागली आणि तूप आपसूक पिवळंधमक झालं. आडत्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं, म्हणून आई मोठ्या आशेनं बरणी घेऊन शेजारणीकडं विकायला गेली. शेजारणीनं झाकण काढून रंग बघितला आणि हसत विचारलं, "आता किती हळद घालतीस, अक्का?"

आई बरणी घेऊन परत आली. दुपारी ते तूप तिनं माझ्याच भाकरीवर वाढलं.