पोरांचं राहू द्या
नव्वदच्या सुमारास मी शांती नगरमध्ये दर रविवारी नोकरदारांचा बी.ए.चा वर्ग घ्यायचो. वर्ष संपताना मी सगळ्यांना विचारलं, "या वर्षात तुमची काय प्रगती झाली?" एक गृहस्थ उठून म्हणाले, "मुलगा वर्गात पहिला आला." दुसऱ्यांच्या मुलीला स्कॉलरशिप मिळाली होती. जो तो आपल्या पोरांचंच कौतुक सांगत सुटला. मी वैतागलो. "अहो, पोरांचं राहू द्या! स्वतःचं सांगा!"

मग काशीमीऱ्याच्या गोदामात कामाला असलेल्या एक बाई लाजत उठल्या. "सर, परवा पोरं टीव्ही लावून दंगा करत होती. मी ओरडले, 'गप्प बसा, माझा पेपर आहे!'"

वर्ग खो खो हसला. त्या मात्र हसल्या नाहीत.

"आणि सर, त्यांनी टीव्ही बंद केला."