गौरीच्या गव्हातलं पाकीट

लोणी भापकरच्या संजीवनीला कुणी गरीब गाय म्हटलं, तर तिच्या डाळिंबाच्या बागेतले मजूर पोट धरून हसतील. एकतीस वर्षांची ही बाई ठिबक दुरुस्त करते, टेम्पोत क्रेट चढवते आणि बारामतीच्या मार्केटात भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला सळो की पळो करून सोडते. पण हीच बाई आठ महिने स्वतःच्या घरात चोरासारखी गोळी खात होती.

दुसऱ्या मुलीच्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं, की डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला, अविराजला, समोर बसवून बजावलं, तीन वर्षं हिला दिवस जाता कामा नयेत. मग गावातली आशा कार्यकर्ती फरहत तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथं बीपी मोजलं. अर्धशिशी आहे का, घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती का, बाळ अंगावर पितं का, सगळं विचारलं आणि मग माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात ठेवलं.

"पहिले दोन महिने मळमळंल, घाबरू नगं," फरहत म्हणाली. "पण पोटरी सुजली, छातीत दुखलं, न्हायतर डोळ्यापुढं काजवे चमकले, तर गोळी बंद आणि थेट दवाखाना."

मळमळलं खरं, मग थांबलं. पाळीत पोट धरून बसणंही थांबलं, रक्त कमी जाऊ लागलं, अंगात ताकद आली. सासूबाई फुलाबाईंना मात्र नातू हवा होता, आणि गोळ्यांनी कूस वाळते असं त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलेलं. म्हणून पाकीट गव्हाच्या डब्यात दडलं.

गौरी तीन दिवसांवर आल्या. ज्या डब्यावर मुखवटा बसवायचा तो नव्या गव्हानं भरायला फुलाबाईंनी उपडा केला, तर पाकीट सुपात पडलं. त्यांनी ते तसंच चुलीत घातलं.

"गोळी अशी मधीच तुटली की दोन-तीन दिसांत पाळी येती," संजीवनी म्हणाली. "आता ऐन गौरीत येणार."

फुलाबाईंचं धाबं दणाणलं. विटाळशी सून गौर कशी आणणार? तासाभरात त्या स्वतः मेडिकलात जाऊन आल्या आणि पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या सुनेपुढं धरल्या.

आता न्याय बघा! सुनेनं जीव वाचवायला घेतलेली गोळी पाप, आणि सासूनं सणासाठी आणलेली गोळी पुण्य.

"आत्या, ही बी हार्मोनचीच गोळी हाय. मेडिकलवाल्यानं माझं बीपी बघितलं व्हय? गेल्या साली घरातल्या लग्नासाठी शेजारच्या रेश्मानं कुणाला न इचारता हीच खाल्ली. पाय भोपळ्यावानी सुजला, रक्ताची गाठ झाली. दवाखान्यात तिचा डबा तुमीच पोचवत हुता."

"देवाधर्माचं हाय, संजे. वरसातनं एकदा."

"अंग माझं हाय. न्हाय खाणार."

फुलाबाईंनी लेकाकडं पाहिलं. लेकानं मोबाईलकडं. संजीवनीला खरा संताप त्याचाच आला, कारण गोळी दोघांच्या विचारानं सुरू झाली होती.

गौरी यायच्या दिवशी पाळी आलीच. दारात बायका जमल्या. सून कुठंय, कुणीतरी विचारलं.

"डोकं दुखतंय तिचं," फुलाबाई म्हणाल्या.

"डोकं चांगलं हाय!" ओसरीवरून संजीवनी कडाडली. "पाळी आलीय. कशापायी आली ते ह्यांना इचारा."

सगळ्या बायका अविराजकडं वळल्या. त्यानं मोबाईल खिशात टाकला. "गोळी आमी दोघांनी ठरवून घेतली हुती," तो कसाबसा म्हणाला. "आईनं जाळली."

फुलाबाईंनी मुखवटा उचलला, पण उंबऱ्याशी दुखऱ्या गुडघ्यानं दगा दिला, पाय उचलेना. संजीवनी उठली, त्यांच्या हातातून मुखवटा घेतला आणि कुंकवाच्या पावलांवरून सरळ आत गेली. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तरी ती थांबली नसती.

तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या आणि संजीवनी आरोग्य केंद्रात गेली. बीपी पुन्हा मोजून नवं पाकीट आणलं. ते तिनं गव्हात लपवलं नाही. खिडकीत, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी ठेवलं.

जेवणं झाल्यावर तिनं रोजच्यासारखी सासूची गोळी काढली, पाण्याचा तांब्या पुढं केला. फुलाबाईंनी गोळी गिळली. मग त्याच तांब्यातलं पाणी ओतून घेऊन, त्यांच्या डोळ्याला डोळा देत, संजीवनीनं आपली गिळली.